गाडीत कोणती अवजारे ठेवावीत? काळ्या मातीत जॅक रुतल्यानंतर पडलेला प्रश्न

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार. मी परभणीत नोकरी करतो आणि आई-वडील गंगाखेड तालुक्यातील गावी राहतात. दर शनिवारी संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर गावी जाणे आणि सोमवारी पहाटे परतणे, असा गेल्या चार वर्षांचा क्रम आहे. गाडी नऊ वर्षे जुनी, पेट्रोलची छोटी मोटार असून तिला नंतर सीएनजीची टाकी बसवून घेतली आहे. तिने मला रस्त्यात कधी सोडले नव्हते, म्हणून कंपनीने दिलेल्या अवजारांच्या पिशवीत नेमके काय आहे हे मी कधी उघडून पाहिलेही नव्हते.

मागच्या पंधरवड्यात ती पिशवी उघडावी लागली. रात्री साडेनऊचा सुमार होता, पाऊस नुकताच उघडला होता आणि गावाच्या फाट्याच्या अलीकडे डावीकडचे मागचे चाक बसले. रस्ता अरुंद असल्यामुळे गाडी बाजूच्या मातीवर घेतली आणि पहिली चूक तिथेच झाली. सीएनजीच्या टाकीमुळे डिकीत जागा अशी उरतच नाही, त्यामुळे स्टेपनी काढण्यासाठी आईचा किराणा आणि म्हशीसाठी घेतलेले सरकीचे पोते आधी चिखलात उतरवावे लागले. जॅक लावून फिरवू लागलो तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जाऊ लागला. पावसात काळी माती कशी होते हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिसऱ्या प्रयत्नात जॅक तिरका झाला, तेव्हा मी घाबरून हात मागे घेतला. गाडी उचलण्याआधी नट ढिले करावेत एवढे ऐकून माहीत होते, पण ते हलायलाच तयार नव्हते. उजेडासाठी मोबाइल दातांत धरला होता आणि त्याची चार्जिंग नऊ टक्क्यांवर आली होती.

शेवटी दुधाची गाडी घेऊन चाललेले एक दादा थांबले. त्यांनी हौद्यातून एक जाड फळी काढून जॅकखाली टाकली, पान्यावर पाय देऊन नट सोडवले आणि पंधरा मिनिटांत चाक बदलून दिले. पैसे पुढे केले तर त्यांनी घेतले नाहीत. स्टेपनीत जेमतेम निम्मी हवा होती, हे मात्र गावात पोहोचल्यावर वडिलांनी चाकाकडे पाहून सांगितले.

आता मला गाडीत कायमची ठेवता येतील अशी अवजारे आणि साहित्य नीट विचार करून घ्यायचे आहे. बाजारात तयार संच मिळतात, पण त्यांतील अर्ध्या वस्तू कशासाठी आहेत हेच मला कळत नाही. मी मेकॅनिक नाही. ज्याला फारसे काही येत नाही अशा माणसाने काय ठेवावे, ते वापरायचे कसे आणि कशाच्या नादी लागू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती. डिकीत जागा फार थोडी आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे.

जुना मेकॅनिक (लातूर)

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. माझे आयुष्य गॅरेजमध्ये गेले असून आता ते काम मुलगा पाहतो. गॅरेजला ओढून आणलेल्या गाड्यांच्या डिकीत चांगले-चांगले संच न फोडलेल्या पिशवीत पडलेले मी अनेकदा पाहिले आहेत. म्हणून अवजारांच्या यादीने सुरुवात करू नका. गाडी रस्त्यात थांबते ती कोणत्या कारणांनी आणि त्यांपैकी कोणती कारणे आपल्या हातांनी दूर होण्यासारखी आहेत, हे आधी ठरवा. सामान्य माणसाच्या हातात चाक, बॅटरी, फ्यूज आणि इंजिनाचे पाणी एवढ्याच गोष्टी येतात. टायमिंग बेल्ट तुटला, क्लच जळाला किंवा पेट्रोलचा पंप बंद पडला, तर जगातला कोणताही संच तुमच्या डिकीत असला तरी गाडी टोचन करूनच न्यावी लागेल.

चाकाविषयी सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात बहुतेक वेळा तेच दगा देते. कंपनीचा कात्रीसारखा जॅक वाईट नसतो, पण त्याचा तळ तळहाताएवढा असतो आणि गाडीचा सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो. काळ्या मातीचे सोडाच, मे महिन्यात पातळ झालेल्या डांबरातही तो रुतताना मी पाहिला आहे. त्यासाठी साधारण एक फूट लांब, नऊ-दहा इंच रुंद आणि दीड इंच जाड अशी टणक लाकडाची फळी ठेवा. प्लायवूडचा तुकडा चालणार नाही, तो ओला झाला की पापुद्रे सुटतात. फळीबरोबर दोन लाकडी गुटकेही ठेवा. जे चाक उचलायचे त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला ते पुढून-मागून लावले म्हणजे गाडी जॅकवरून घसरत नाही. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, पण केवळ त्या भरवशावर राहू नये. हायड्रॉलिक बाटलीचा जॅक घेण्याचा मोह तुम्हाला होईल. छोट्या गाडीचे चाक पूर्ण बसले की तिची कड इतकी खाली येते की तो जॅक खाली शिरतच नाही, शिवाय आडवा ठेवला तर त्यातून तेल गळते. कोणताही जॅक असो, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात, पाय किंवा डोके घालू नका. काढलेले चाक कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची सवय लावा, म्हणजे जॅक निसटला तरी गाडी चाकावर टेकते.

नट न सुटण्याचे कारण तुमच्या हातातल्या जोरात नाही. टायरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने नट गच्च आवळतात आणि कंपनीचा पाना वीतभर लांबीचा असतो, मग तो हाताने कसा सुटणार? चौमुखी पाना घ्या. त्याची चार तोंडे बहुधा १७, १९, २१ आणि २३ मिलिमीटरची असतात आणि छोट्या मोटारींना त्यांपैकी १७ किंवा १९ चे लागते. जागा कमी असेल तर कंपनीच्याच पान्याच्या दांड्यात बसेल असा दोन फुटी लोखंडी पाइप ठेवा. लांबी वाढली की तोच नट बोटभर जोराने हलतो. मात्र पाइप सोडवण्यासाठी वापरा, आवळण्यासाठी नको, कारण त्याने नटाचे आटे जातात. आवळताना एका ओळीने न जाता समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडे-थोडे आवळावेत आणि चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर एकदा पुन्हा पाना लावून पाहावा.

आता पंक्चरविषयी. तुमचे टायर ट्यूबलेस असतील तर अनेकदा चाक काढण्याची गरजच पडत नाही. आपल्याकडे बाभळीचा काटा आणि उसाच्या हंगामात बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे हे दोन ठरलेले शत्रू आहेत. कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागली की ते खिळे गळून पडतात आणि थेट टायरात शिरतात. खिळा दिसला तरी लगेच उपसू नका, तो आत असेपर्यंत हवा हळू जाते. आधी पंक्चरचा संच उघडून त्यातली चिकट रबराची वात सुईत ओवून तयार ठेवा, मग पकडीने खिळा काढा, कानशीसारखी टोकदार सळई भोकातून चार-पाच वेळा आत-बाहेर करून भोक खरवडून घ्या, वातीला सोल्यूशन लावा, ती सुईसकट आत दाबा आणि सुई झटक्याने बाहेर काढा. बाहेर राहिलेले टोक अर्धा सेंटिमीटर ठेवून ब्लेडने कापा आणि हवा भरून त्यावर साबणाचे पाणी सोडा. बुडबुडे आले तर दुसरी वात घालावी लागते. ही दुरुस्ती फक्त जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागापुरती आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीला छेद गेला असेल तर वात घालून गाडी पळवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, तिथे स्टेपनीच लावावी. काट्याचे दुखणे निराळे असते. तो आत मोडतो आणि हवा रात्रभर हळूहळू जात राहते, म्हणून सकाळी चाक मऊ दिसले की बोटांनी चाचपत न बसता पाणी टाकून पाहावे.

हवा भरण्यासाठी १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप घ्या. तो सिगारेट लायटरच्या जागी लावतात, पण इंजिन सुरू ठेवूनच वापरावा, नाहीतर बॅटरी उतरते. दहा मिनिटांनंतर त्याला विश्रांती द्यावी लागते, कारण तो तापून लाल होतो. पायाने मारायचा पंपही चालतो आणि त्याला फ्यूज उडण्याची भीती नसते. मी स्वतः अजून तोच वापरतो, हा माझा हट्ट समजा.

बॅटरीसाठी जंपर केबल ठेवावी, पण ती वजन करून घ्यावी. जाड रबर आणि आत केसासारखी तार अशा केबली सर्रास मिळतात, त्या स्टार्टरचा भार लागताच गरम होतात आणि गाडी काही उठत नाही. जोडण्याचा क्रम एका कागदावर लिहून केबलीलाच बांधून ठेवा. तांबडी चिमटी आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी चिमटी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि शेवटची चिमटी लावताना ठिणगी उडते, म्हणून ही काळजी. काढताना क्रम उलट करावा. पुष्कळदा बॅटरी उतरलेली नसतेच, टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. १० नंबरचा पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर काम भागते.

फ्यूज चार आण्याची वस्तू, पण तो नसेल तर रात्री दिवे बंद पडतात. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. प्रत्येकी दोन ठेवा. जागेवर जेवढ्याचा असेल तेवढ्याचाच बसवावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवणारे महाभाग माझ्याकडे आले आहेत. त्यांपैकी एकाच्या गाडीची सगळी वायरिंग वितळलेली होती.

बाकीच्या वस्तू थोडक्यात सांगतो. एक पकड, दोन्ही तोंडांचा एक पेचकस, १० ते १४ नंबरचे पाने, इन्सुलेशन टेप, हातभर बाइंडिंगची तार, दोन होज क्लिपा, जुने सुती कापड आणि हातमोजे एवढे पुरे. हे सगळे जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून सीटखाली ठेवा, म्हणजे खडखडत नाही आणि डिकीही अडत नाही. गाडीला पुढे-मागे अडकवण्याचा ओढण्याचा हूक कंपनी देते, तो पिशवीत आहे का ते पाहा. अनेक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे तो बसत नाही म्हणून लोक तो मोडीत टाकतात.

शाळेची वाट (कळंब, जि. धाराशिव)

मेकॅनिक काकांनी अवजारांचे सांगितलेच आहे. मी रोज एकटी स्कूटरने आणि पावसाळ्यात मोटारीने शाळेवर जाते, म्हणून अवजारांइतक्याच गरजेच्या पण संचात न येणाऱ्या वस्तूंविषयी लिहिते.

पहिली वस्तू म्हणजे कपाळाला बांधायचा दिवा. मोबाइल दातांत धरण्याची वेळ माझ्यावरही आली होती. दोन्ही हात मोकळे राहणे म्हणजे काय हे चाक बदलतानाच कळते. त्याच्या सेलांपैकी एक उलटा घालून ठेवावा, म्हणजे बटण चुकून दाबले गेले तरी तो आतल्या आत जळत राहत नाही. दुसरी वस्तू परावर्तक त्रिकोण आणि चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. नव्या मोटारीबरोबर त्रिकोण मिळतो, पण जुनी गाडी विकत घेतली की तो हमखास हरवलेला असतो. गाडीच्या मागे किमान पन्नास पावले आणि महामार्गावर त्याच्या दुप्पट अंतरावर तो ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे ठेवावा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड मांडण्याची पद्धत आहे आणि काम झाल्यावर ते दगड तसेच टाकून लोक निघून जातात. मागच्या वर्षी अशाच एका दगडावर माझी स्कूटर आदळली होती, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तिसरी गोष्ट वस्तू नाही, कागद आहे. माझ्या वाटेवरच्या प्रत्येक गावातील पंक्चरवाल्याचा आणि मेकॅनिकचा नंबर, त्याच्या दुकानाची बंद होण्याची वेळ आणि तो रात्री घरून येतो की नाही, हे सगळे मी एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवले आहे. मोबाइल बंद पडला तर दुसऱ्याच्या मोबाइलवरून फोन करायला तरी नंबर हाताशी असावा लागतो. त्याच कागदावर ११२ आणि १०८ बरोबर राष्ट्रीय महामार्गांसाठीचा १०३३ हा क्रमांक आहे. एकट्या बाईने रात्री निर्मनुष्य जागी चाक बदलत बसावे असे मला वाटत नाही. हवा अगदीच गेली नसेल तर ताशी दहा-पंधराच्या वेगाने पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा धाब्यापर्यंत जाते. त्यात टायर खराब झाला तर होऊ द्यावा.

स्कूटरचा बेल्ट रस्त्यात तुटला तर आपल्या हातात काहीच नसते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या अंतरावर तो बदलून घेते. मोटारसायकलवाल्यांनी मात्र क्लचची एक वायर जुन्या वायरीला लागूनच टेपने बांधून ठेवावी. माझे यजमान तसे करतात. वायर तुटली की वाटेतच दोन्ही टोके बदलायची, नवीन वायर आतून ओवण्याची कटकट उरत नाही.

मळणीवाला (सेनगाव, जि. हिंगोली)

आमच्याकडे ट्रॅक्टर आणि एक पिकअप आहे. मोटारीला लागत नाहीत अशा काही गोष्टी लिहितो, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोग होईल.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर गरम होतो तो पाणी कमी झाल्यामुळे नव्हे, तर रेडिएटरच्या जाळीत भुसा बसल्यामुळे. त्यासाठी एक मऊ ब्रश आणि सायकलचा पंप ठेवला आहे. भुसा आतून बाहेर उडवायचा असतो, बाहेरून झाडला तर तो आणखी आत जातो. मोटार गरम झाली तरी जाळी आधी पाहावी, मग पाण्याकडे वळावे. काटा लाल रेघेकडे गेला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण जोरात सुरू करावा म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत येते, आणि गाडी बाजूला घेऊन बंद करावी. झाकण गरम असताना उघडणाऱ्याचे तोंड भाजते, हे आमच्या गावात एकाच्या अनुभवाने सगळ्यांना माहीत झाले आहे. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, मग कापड टाकून झाकण सैल करावे आणि पाणी हळूहळू ओतावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी एकदम ओतले तर हेड तडकते. पाच लिटरचा पाण्याचा कॅन आम्ही बारा महिने ठेवतो. तो इंजिनाला लागतो तसा माणसालाही लागतो.

डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला तर डिझेल ओतूनही तो सुरू होत नाही, कारण पाइपात हवा धरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. हे जुन्या पंपाच्या इंजिनापुरते. नव्या पिकअपला कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच जास्त दाबाची नळी असते आणि तिच्या पाइपात हजाराहून अधिक बारचा दाब असतो. इंजिन सुरू असताना तिथला नट कुणी सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. तिथे हात लावू नये.

डिझेलच्या टाकीला बारीक भोक पडले तर कपडे धुण्याचा साबण कोरडाच घासून भरावा. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, गावापर्यंत गाडी येते. एम-सील हा त्याहून पक्का उपाय, पण तो घट्ट व्हायला वेळ लागतो आणि जागा कोरडी असावी लागते. ट्रॉलीच्या हुकाची एक जास्तीची पिन आणि तिची क्लिप जवळ ठेवावी. ती सुटली की काय होते ते उसाच्या हंगामात रस्त्यावर दिसतेच.

एक विचारायचे होते. पाच लिटर पेट्रोल कॅनमध्ये भरून ठेवले तर चालेल का? रात्री पंप बंद असतात.

जुना मेकॅनिक (लातूर)

चालणार नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत हात ठेववत नाही इतकी उष्णता होते. त्यात पेट्रोलचा कॅन फुगतो, वाफ गाडीत साठते आणि एखादी ठिणगी पुरते. प्रश्न विचारणाऱ्यांच्या गाडीला तर सीएनजीची टाकीही आहे. त्यांनी कॅनऐवजी पेट्रोलची मूळ टाकी कधी पाव भरण्याच्या खाली जाऊ देऊ नये. सीएनजीवर चालणारी बरीच माणसे पेट्रोल जवळजवळ रिकामे ठेवतात आणि पंप कोरडा फिरून जळतो. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, तिचा दाखला गाडीत ठेवावा. एक किलोचे कोरड्या पावडरीचे अग्निशामक चालकाच्या सीटजवळ, हात पोहोचेल असे असावे. गॅसचा वास आला तर अवजारे बाहेर काढू नका, टाकीचा हाताने बंद होणारा व्हॉल्व्ह बंद करा, दारे उघडा आणि दूर जाऊन उभे राहा.

टायरमध्ये सोडण्याच्या फेसाच्या डब्याविषयी मला दोन जणांनी फोनवर विचारले, म्हणून इथेच लिहितो. डबा चालतो, पण नंतर टायरवाला शिव्या देतो, कारण आतून सगळे चिकट होते, आणि हवेचा दाब दाखवणारा सेन्सर असेल तर तोही त्यात बुजू शकतो. शिवाय दाबाचा डबा मे महिन्यात गाडीत ठेवणे मला पसंत नाही.

समृद्धी प्रवासी (जालना)

वरची चर्चा गावच्या आणि राज्य मार्गांच्या दृष्टीने झाली. मी महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने नागपूरला जातो, तिथले गणित थोडे वेगळे आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटरचा झाला. काँक्रीटचा सरळ रस्ता, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आणि उन्हाळ्याचे ऊन, असे तिन्ही एकत्र आल्यावर कमी हवेचा किंवा म्हातारा टायर टिकत नाही. कमी हवा असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दुमडतात, त्यातून उष्णता वाढते आणि शेवटी टायर फुटतो. म्हणून माझ्या मते सर्वांत उपयोगी अवजार म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे छोटे मीटर. सकाळी टायर थंड असताना दाब पाहावा, चालकाच्या दारावरील पट्टीवर लिहिला आहे तेवढाच भरावा. गरम टायरमध्ये वाढलेला आकडा पाहून हवा सोडू नये.

टायरचे वय त्याच्या भिंतीवर लिहिलेले असते. शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. हा नियम स्टेपनीलाही लागू आहे. नऊ वर्षे जुन्या गाडीची मूळ स्टेपनी असेल तर तिची नक्षी नवी दिसत असली तरी रबर नऊ वर्षांचे असते.

द्रुतगती मार्गावर चाक बदलण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे, विशेषतः रस्त्याकडच्या बाजूचे चाक असेल तर. धोक्याचे दिवे लावून गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, सगळ्यांना कठड्यापलीकडे उभे करावे आणि गस्तीच्या गाडीला फोन करावा. गाडीत बसून राहणे सर्वांत धोक्याचे. आणखी एक. नव्या गाड्यांत स्टेपनी नसली तर कंपनीला नावे ठेवू नयेत. ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच दिला असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० साली केंद्रीय नियमांतच दिली गेली. काही गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा बारीक असते. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते आणि ती पंक्चर काढेपर्यंतच वापरायची असते.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे खरेदी करण्याआधी मी रविवारी गावी अंगणात सगळे चाक काढून पुन्हा बसवून पाहिले. वडील खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि सूचना करत होते. पहिल्यांदा पन्नास मिनिटे लागली, दुसऱ्यांदा बावीस. कंपनीच्या पिशवीत जॅक फिरवण्याचा दांडा होता, पण तो जॅकमध्ये अडकवण्याचे टोक वाकलेले होते. त्या रात्री जॅक तिरका होण्यात त्याचाही वाटा असणार. ओढण्याचा हूक सापडला आणि त्याचे आटे खरोखरच उलटे निघाले. स्टेपनीवरचे आकडे वाचले तर ती गाडीबरोबरचीच, म्हणजे नऊ वर्षांची होती. ती बदलून घेतली.

फळी गावातल्या सुताराकडून करून घेतली. मोडलेल्या वखराचे बाभळीचे लाकूड पडले होते, तेच त्याने कापून दिले. जिचे काटे टायरात शिरतात तिचेच लाकूड जॅकखाली जाणार, यावर वडील दोन दिवस हसत होते. चौमुखी पाना जागेअभावी घेतला नाही, पाइप घेतला आणि तो मागच्या सीटखाली आडवा बसतो. कपाळाचा दिवा, त्रिकोण, पायपंप, पंक्चरचा संच, फ्यूज आणि केबल एवढे सगळे घेतले. फोन नंबरांचा कागद परभणी ते गंगाखेड या वाटेसाठी तयार झाला आहे आणि त्यात त्या दूधवाल्या दादांचाही नंबर आहे. ते मला गंगाखेडच्या बाजारात पुन्हा भेटले.

एक शंका राहिली. अंगणात वात घालण्याचा सराव करताना संचातील सोल्यूशनची नवी कोरी ट्यूब उघडली तर ती आत वाळून दगड झालेली होती. दुकानदाराने बदलून दिली, पण गाडीत ठेवल्यावर पुन्हा तसेच होणार नाही का?

जुना मेकॅनिक (लातूर)

होणारच. एकदा उघडलेली ट्यूब तर महिनाभरातच जाते, न उघडलेलीसुद्धा उन्हाळा काढेलच असे नाही. मोठी ट्यूब घेऊ नका, सर्वांत लहान अशा दोन घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सीटखाली, ऊन न लागणाऱ्या बाजूला ठेवा. खंडेनवमीला आपण अवजारे काढून पुसतो आणि हळद-कुंकू लावतो, त्याच दिवशी ट्यूब बदला आणि स्टेपनीची हवा पाहा. दुसऱ्यांदा पाडव्याला, ऊन तापायच्या आत. स्टेपनीत हवा भरताना नेहमीपेक्षा तीन-चार पौंड जास्त भरून ठेवा. वापरायची वेळ आली की जास्तीची सोडता येते, कमी असेल तर त्या अंधारात ती आणायची कुठून? आणि दांड्याचे वाकलेले टोक हातोडीने सरळ करत बसू नका. पुढच्या वेळी ते मोडेल. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात तुमच्या गाडीचा दांडा सुटा मिळतो, जाताना जॅक बरोबर न्या आणि बसवून पाहूनच घ्या.